वापसा येऊ दे

खर्डा, ता. जामखेड

चि. लाडक्या छकुलीस,


तुझं पाकीट परवा दुपारी मिळालं. आतला घडी घातलेला नकाशा मी पलंगावर पसरला, तशी तुझी आजी चष्मा शोधत आली आणि बराच वेळ त्यावरून बोट फिरवत राहिली. उत्तरेकडच्या कोठीच्या खोलीत, जिथं तुझ्या पणजोबांच्या काळी ज्वारीच्या कणग्या उभ्या असत, तिथं तुला काचेच्या टाकीत समुद्र ठेवायचा आहे. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. तू परवानगी मागितलीस. अगं, घर तुझंच आहे, आणि ज्या खोलीनं वर्षानुवर्षं धान्य सांभाळलं तिच्यात आता जीव नांदणार असतील, तर त्याहून शुभ काय? खोली दिली. आता चार गोष्टी लिहितो, त्या सवडीनं वाच, घाईत नको.

मी समुद्रातला मासा जिवंत असा पहिल्यांदा पाहिला तो पंचविशीत, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते 1951 साली सुरू झालेलं, एका पारशी दानशूराच्या नावानं. काचेपुढं मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही, पण दुष्काळी मुलखातून गेलेल्या पोराला एवढं पाणी आणि त्यात एवढे रंग पाहून डोळ्यांत पाणी आलं होतं, हे पक्कं आठवतं. आपल्याकडं पोवळं म्हणजे माळेतला लाल मणी, तुझ्या आजीच्या गळ्यात आहे तसला. तो मणी एका जीवानं कणाकणानं रचलेला असतो हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ते मत्स्यालय समुद्राच्या काठी होतं. खर्ड्याहून समुद्र अडीचशे किलोमीटरहून लांब, मध्ये सह्याद्री. म्हणजे तुला समुद्र आणायचा नाही, इथल्या पाण्यातून घडवायचा आहे, आणि घडवायला वेळ लागतो.

वेळेवरून एक सांगतो. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस जोरात पडला, आणि शेजारी थांबले असताना मी दुसऱ्याच दिवशी तिफण धरली. वरची माती भिजली होती, खाली हातभर जमीन कोरडी ठणठणीत. बी उगवलं, पुढं वीस दिवस पावसानं तोंड दाखवलं नाही, आणि कोवळे कोंब माझ्या डोळ्यांदेखत करपून गेले. दुबार पेरणीसाठी तुझ्या आजीनं हातातली पाटली मोडली आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून वापसा आल्याशिवाय मी कधी पेरलं नाही. मातीची मूठ दाबावी, ती धड चिखल होऊ नये, धड धूळ उडू नये, तेव्हा जमीन बी घ्यायला तयार असते. पाण्यालाही तसाच वापसा असतो, बाळा. सगळं पत्र या एका वाक्यासाठीच लिहितोय म्हण.

आता पाण्याचा हिशेब. तुझ्या टाकीत एक हजार साठ लिटर आणि खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळायच्या टाकीत, अडीचशे, असे तेराशे लिटर धरू. लिटरला 35 ग्रॅम मीठ, म्हणजे पहिल्याच भरणाला 45 किलोच्या वर समुद्री मीठ लागेल, आणि स्वयंपाकाचं मीठ त्याला चालत नाही. आपल्या बोअरचं पाणी जड, काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं, म्हणून ते आरओतून काढावं लागणार. आणि ते यंत्र एका शुद्ध लिटरमागं तीनेक लिटर सोडून देतं. म्हणजे जवळजवळ चार हजार लिटर वाहून जाणार. 1972 च्या दुष्काळात मी वीस वर्षांचा होतो, खडी फोडायच्या कामावर जायचो, आणि तुझी पणजी एका घागरीत घरातल्या सात माणसांची अंघोळ बसवायची. म्हणून हा आकडा लिहिताना माझा हात थबकला. तुला तो टोचल्याशिवाय राहणार नाही, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा असं कर: विहीर भरलेली असेल तेव्हाच, दिवाळीच्या सुमाराला सुरुवात कर, रोज चाळीस-पंचेचाळीस लिटर शुद्ध पाणी पिंपात साठव, महिन्याभरात टाकी भरेल. सोडलेलं पाणी दुसऱ्या पिंपात धर, ते गोठा धुवायला, फरशीला आणि पुढं सांगतो त्या खडकांना लागेल.

एक गोष्ट मात्र मी हट्टानं मागतो असं समज. दर आठवड्याला तू दहावा हिस्सा पाणी बदलणार, म्हणजे एकशे तीस लिटर खारं पाणी बाहेर पडणार, त्यात साडेचार किलो मीठ. ते परसात, ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला एक तांब्याभरसुद्धा ओतायचं नाही. जमीन एकदा खारली की नातवंडांपर्यंत ती गोष्ट पुरते. कोकणात आगरी लोक मिठागर करतात ना, तसं आपण मागच्या अंगणात जाड ताडपत्री अंथरून उथळ वाफा करू. आपल्या वैशाखाच्या उन्हात ते पाणी आठवड्याच्या आत आटेल आणि मीठ पोत्यात भरून ठेवता येईल. पावसाळ्यात वाफा झाकायचा आणि पाणी पिंपात थांबवायचं.

खोलीकडं वळतो. पाणी, काच, खडक मिळून दीड टनाच्या घरात वजन जाईल. जुन्या शहाबादी फरशीखाली नुसता मुरूम आहे, तेव्हा फरशी उचलून काँक्रीटचा पाया घालावा आणि त्यावर वीटकामाचा चौथरा बांधावा. लोखंडी सांगाडा खाऱ्या हवेत गंजतो, वीट गंजत नाही. ओळंबा आणि पाणसळ लावून चौथरा तपासल्याशिवाय गवंड्याला सोडू नकोस. जमिनीला मोरीकडं उतार ठेव, कारण आज ना उद्या पाणी सांडणारच. आणि टाकीची ऑर्डर देण्याआधी दाराची चौकट मोज. ते दार ठेंगणं आणि अरुंद आहे, तुझे बाबासुद्धा वाकून आत जातात.

आपलं घर माळवदी, हे विसरू नकोस. एवढ्या टाकीतून रोज दहा-बारा लिटर पाणी वाफ होऊन जाईल. मीठ उडत नाही, मागं राहतं, म्हणून रोज जितकं घटेल तितकं शुद्ध पाणीच घालायचं, खारं नाही. नाहीतर खारटपणा दिवसेंदिवस चढत जातो. पण ती वाफ जाणार कुठं? वर सागवानी तुळया आहेत, त्यावर पांढरी माती. ओल धरली की वाळवी आली. तेव्हा छताजवळ बाहेर हवा फेकणारा पंखा आधी बसव, टाकी नंतर. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीपार जातो आणि तुझ्या जिवांना 25-26 अंश हवेत. 1998 साली समुद्र थोडासाच जास्त तापला, तर लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडून मोठ्या प्रमाणात मेली. मातीच्या दोन हात जाड भिंती आपल्याला मदत करतील, पाण्यावर पंखा सोडला तर माठासारखं पाणी गार होईल, तरी एक चिलर लागेलच. त्याचे पैसे आधी बाजूला काढ.

विजेचं मी स्वतः पाहीन. सगळे बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर, प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली एक झोळ, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब बोर्डात शिरणार नाही. अर्थिंग नवं, आणि गळती होताच वीज तोडणारं तीस मिलिअँपिअरचं यंत्र. पंप आणि दिवे मिळून सरासरी तीनशे वॉट धरले, तर दिवसाला सातहून थोडी जास्त युनिटं, महिन्याला दोनशे सोळा. चिलर वेगळा. आपल्याकडं वीज जाते, आणि पाणी हललं नाही तर त्यातला प्राणवायू काही तासांत उतरतो. म्हणून निदान एक पंप इन्व्हर्टरवर ठेव, आणि बॅटरीवर चालणारी हवेची मोटर खुंटीला टांगलेली असू दे.

खडकाबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून माझी छाती भरून आली. आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळं आणि समुद्री घोडे 2001 साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले, तेव्हा त्यांना वाघाइतकंच संरक्षण मिळालं. आणि तू कुणी सांगण्याआधीच ठरवलंस की मालवणच्या सिंधुदुर्गाभोवतालचं पोवळं मालवणातच राहील आणि आपले खडक आपण पांढऱ्या सिमेंटचे, शिंपल्यांचा चुरा घालून, हातानं घडवू. तेच कर. मात्र ताजं सिमेंट पाण्यात चुन्यासारखा क्षार सोडतं. समुद्राचा सामू 8.1 च्या आसपास, आणि ताजं सिमेंट बुडवलेल्या पाण्याचा त्याच्या कितीतरी वर जातो. म्हणून खडक पिंपात बुडवून पाणी बदलत राहायचं, महिना-दोन महिने, आणि त्यासाठीच ते आरओनं सोडलेलं पाणी राखून ठेवायला सांगितलं. बाकी जिवांपैकी कोणता घरी ठेवता येतो, हे विकत घेण्याआधी वनविभागाला लेखी विचारून घे आणि उत्तर वहीत चिकटव.

आणि आता वापसा. खडक रचले, खारं पाणी भरलं, पंप सुरू झाला, की टाकी दिसायला तयार दिसेल. तीच फसवी वेळ, वरची माती भिजल्यासारखी. माशांच्या विष्ठेतून, उरल्या अन्नातून अमोनिया निघतो, तो माशाला विष. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सोसतं. हे जिवाणू खडकांच्या छिद्राछिद्रांत बसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. विरजण लावल्यावर तुझी आजी भांड्याला हात लावू देत नाही, तसंच. रिकाम्या टाकीत चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, दर दोन दिवसांनी पाणी तपासायचं, अमोनिया चढून उतरेल, मग नायट्राइट चढून उतरेल, आणि दोन्ही शून्यावर येऊन तिथंच थांबतील तेव्हा मूठ दाबून पाहिल्यासारखं समज. तोवर एकही मासा नको, कुणी कितीही म्हटलं तरी.

मग दोन विदूषक मासे आण, समुद्रातून धरलेले नकोत, टाकीत पैदास झालेले. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनंच त्यांच्या पैदाशीची पद्धत बसवली आहे. आणि आणल्या आणल्या मोठ्या टाकीत सोडू नकोस. बाजारातून घेतलेली गाय आपण लगेच आपल्या दावणीला बांधत नाही ना, तसे चार आठवडे त्यांना वेगळ्या लहान टाकीत ठेव. पुढचे मासे महिन्याच्या अंतरानं, एकेक जोडी.

लहानपणी तू आपल्या खर्ड्याच्या किल्ल्याच्या बुरुजावर बसून मला 11 मार्च 1795 च्या लढाईची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायचीस. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन सगळे निजामाविरुद्ध इथं एका बाजूला उभे राहिले. लढाई लवकर आटोपली, पण या सगळ्यांना एकत्र आणण्यात नाना फडणवीसांनी केवढा धीर खर्ची घातला होता. त्याच वर्षी पेशवे सवाई माधवराव गेले आणि पुन्हा असे सगळे एका झेंड्याखाली आले नाहीत. निरनिराळ्या स्वभावाचे जीव एकत्र नांदवणं हे जिंकण्याहून अवघड, पोरी. टाकीतही एक तापट मासा आधी आला की तो सगळं घर आपलं समजतो. म्हणून गरीब स्वभावाचे आधी, तापट सगळ्यात शेवटी.

रोजची सवय एकच सांगतो. पहाटे पाचला ऊठ. रात्रभर शेवाळसुद्धा श्वास घेतं, त्यामुळं दिवे लागण्याआधी पाण्यातला प्राणवायू आणि सामू सगळ्यात खाली असतो. काही बिघडायचं असेल तर ते त्या वेळी आधी दिसतं. तापमान बघ, मासे मोज, पंपाचा आवाज ऐक, वहीत एक ओळ लिही, मग चहा. ज्याची वही रोजची असते त्याला घाई करावी लागत नाही.

तू इथं नसशील त्या दिवसांत हे मी करीन. कोठी कालच झाडून घेतली. भिंतीच्या कोपऱ्यात जुन्या ज्वारीचे चार दाणे सापडले, ते तुझ्या आजीनं चिमण्यांना टाकले. दाराची चौकटही मोजली: उंची पाच फूट, रुंदी अडीच. तुझी टाकी नेमकी अडीच फूट रुंद आहे. येताना नकाशावर पुन्हा एकदा बस, बाळा, आणि दोन-तीन इंच कमी करता येतात का ते बघ.

तुझे,
आजोबा