चालीचे ऋण

लखनौच्या कैसरबागेत परीखाना नावाची एक वास्तू आहे. अवधचा अखेरचा नवाब वाजिद अली शाह याच्या काळात तेथे स्त्रियांना गायन व नृत्य शिकविले जाई. या शिष्यांना तो ‘परी’ म्हणत असे आणि त्यावरूनच वास्तूचे नाव रूढ झाले. आज ही वास्तू ज्या संगीत विद्यापीठाचा भाग आहे, त्याला एका मराठी माणसाचे नाव आहे. १९२६ साली पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने लखनौमध्ये संगीत महाविद्यालय स्थापन केले. तत्कालीन गव्हर्नरांच्या नावावरून ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले जाई. पुढे त्याला भातखंडे यांचे नाव मिळाले. नवाबासाठी गाणाऱ्या स्त्रिया जेथे शिकल्या, त्या परिसरात प्रतिष्ठित घरांतल्या मुली तंबोरा घेऊन बसू लागल्या. रागरागिण्या त्याच राहिल्या, ठुमरीही तीच राहिली. बदलल्या त्या गाणाऱ्या. या स्थित्यंतरात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो केवळ संगीतापुरता नाही. दुसऱ्याचे गाणे जो गातो, तो त्याचे काय देणे लागतो?

आजच्या काळात हा प्रश्न वेगळ्या वेषात समोर येतो. जुने लोकप्रिय गीत एखादा तरुण गायक आपल्या आवाजात नव्याने ध्वनिमुद्रित करतो. त्याला ‘कव्हर’ म्हणण्याची रीत पडली आहे. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटींचा सुकाळ झाला तेव्हा त्याला ‘व्हर्शन’ म्हणत. रसिकांत तेव्हाही दोन तट होते, आजही आहेत. एकाला त्यात उसनवारी दिसते, दुसऱ्याला आदरांजली. कायद्याने या वादावर आपल्या परीने तोडगा काढला आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, रीतसर सूचना आणि मानधन देऊन, असे पुनर्मुद्रण करता येत असे. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली आणि आणखी एक अट घातली. वेष्टनावर हे पुनर्गायन आहे असे स्पष्ट लिहावे. मात्र ग्राहकाची दिशाभूल होऊ नये म्हणून पूर्वीच्या गायकाचे नाव वा चित्र त्यावर छापू नये. बाजाराच्या दृष्टीने ही अट रास्तच आहे. परंतु तिच्यामुळे एक चमत्कारिक अवस्था निर्माण होते. ज्याच्या आठवणीखातर गाणे पुन्हा गायले जाते, त्याचेच नाव वेष्टनावर घेता येत नाही. कायदा पैशाचा हिशेब पुरा करतो. ऋणाचा हिशेब मात्र उरतो.

वस्तुतः आपल्या परंपरेत पुनर्गायन हा अपवाद नाही, नियम आहे. जी बंदिश एकदाच गायली गेली ती बंदिश झालीच नाही. ‘बाबुल मोरा’ या भैरवीतील ठुमरीचेच पाहावे. ती परंपरेने वाजिद अली शाहच्या नावावर सांगितली जाते. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले, नवाबाला लखनौ सोडावे लागले आणि त्याचे उर्वरित आयुष्य कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जात गेले. राज्य गमावलेल्या पुरुषाने माहेर सोडणाऱ्या मुलीच्या तोंडून आपले दुःख बोलून दाखविले, असा या रचनेचा अर्थ लावला जातो. म्हणजे मुळातच तो दुसऱ्याचा आवाज उसना घेत होता. त्यानंतर ती ठुमरी कोठ्यांवर गायली गेली, मैफलीत गायली गेली, १९३८ च्या ‘स्ट्रीट सिंगर’ या चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी गायली आणि पुढे भीमसेन जोशी यांच्यासारख्यांनीही गायली. आज सैगल यांचे गाणे ऐकून डोळे पुसणाऱ्यास अवधचे राज्य आठवत नाही. त्याला आपल्या घरातून सासरी गेलेली लेक आठवते. पुनर्गायनाने मूळ दुःख पुसले गेले असे मात्र म्हणता येत नाही. उलट, त्यात इतरांच्या दुःखालाही जागा झाली.

मग गाण्यावर मालकी कुणाची असूच शकत नाही काय? घराणेदार गवयांनी या प्रश्नाचे उत्तर कुटुंबाच्या चौकटीत दिले होते. चीज ही इस्टेट; ती मुलाला द्यायची, फार तर जावयाला. लखनौच्या तबल्याच्या घराण्यासंबंधी अशी आख्यायिका सांगतात की, मियाँ बख्शू खाँ यांनी आपली कन्या विलायत अली खाँ यांना दिली तेव्हा हुंड्यात गती दिल्या. सोन्यानाण्याऐवजी तबल्याचे बोल देणारा हा बाप विद्येची खरी किंमत जाणत होता. परंतु त्याच कथेतील कन्येचे नाव सांगणाऱ्यांच्या तोंडी येत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. विद्या एका पुरुषाकडून दुसऱ्या पुरुषाकडे गेली; जिच्यामुळे गेली, ती वाटेपुरती होती.

भातखंडे यांनी ही चौकट मोडली. वकिलीचा व्यवसाय करणारा हा गृहस्थ पत्नी आणि एकुलती कन्या यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ संपूर्णपणे संगीताच्या कार्याला वाहिलेला होता. जयपूर, रामपूर अशा ठिकठिकाणच्या उस्तादांकडून त्यांनी चिजा मिळविल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून त्या कुणालाही शिकता येतील अशा केल्या. ज्या चिजेसाठी शिष्याने वर्षानुवर्षे हुक्का भरावा, ती आता ग्रंथालयात मिळू लागली. काही उस्तादांना हे लुटीसारखे वाटले. त्यांचे दुःख खोटे म्हणता येणार नाही. पिढ्यानपिढ्या जे एकच धन घराने सांभाळले, ते चव्हाट्यावर आले होते. पण भातखंडे यांचीही बाजू तितकीच खरी होती. कवाडे लावून घेतलेल्या घरातला शेवटचा वारस निवर्तला की चीजही त्याच्याबरोबर मातीत जाते. दोन सत्ये समोरासमोर उभी राहतात तेव्हा एकाला खोटे ठरविणे सोपे असते. दोहोंचे देणे मान्य करणे अवघड असते.

हे देणे मान्य करण्याची एक सुंदर तरतूद मात्र परंपरेने फार पूर्वीच करून ठेवली होती. ती म्हणजे मुद्रा. सदारंगाची बंदिश गाणाऱ्याला अंतऱ्यात सदारंगाचे नाव घ्यावेच लागते. लखनौचा कदर पिया आपल्या ठुमऱ्यांत स्वतःचे नाव गुंफून गेला. भातखंडे यांनी स्वतः रचलेल्या लक्षणगीतांत ‘चतुर’ ही मुद्रा ठेवली. महाराष्ट्रात तर शेतावरचा अडाणी गडीही अभंग म्हणताना तुकोबाचे, नामदेवाचे, जनाबाईचे नाव उच्चारल्याशिवाय तो पुरा करीत नाही. मराठी संगीत रंगभूमीने हीच सचोटी दुसऱ्या रीतीने पाळली. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ देण्याची प्रथा पडली. पद कोणत्या गाण्यावरून घेतले ते तेथे उघडपणे नमूद असे. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमऱ्यांचे वळण आणले, तेव्हा गंगेकाठचे सूर मराठी घराच्या माजघरात आले. ‘चाल’ या एका शब्दात उसनवारीची कबुली होती आणि त्या कबुलीत कमीपणा नव्हता.

तरीही या व्यवस्थेत एक रिकामी जागा राहिली. मुद्रा रचणाऱ्याची, गाणाऱ्याची नव्हे. ‘चाल’ गाण्याच्या नावाने ओळखली जाई, ती ज्या गळ्यातून आली त्या गळ्याच्या नावाने नव्हे. आणि ठुमरीच्या बाबतीत तो गळा बहुधा स्त्रीचा होता. १८५७ नंतरच्या लखनौच्या करनोंदींत गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया सर्वांत वरच्या उत्पन्नगटात आढळतात, असे इतिहाससंशोधनातून दिसून आले आहे. सरकारदरबारी त्यांचे नाव लागले ते करदात्या म्हणून. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी त्यांनी आपले नाव मोठ्याने उच्चारले. दूर जर्मनीतल्या कारखान्यात तबकडी कोणाची हे कळावे, एवढाच त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. पण आज ते ऐकताना वाटते की, ज्या परंपरेने गाणारीला मुद्रा दिली नव्हती, तिच्यात एका स्त्रीने स्वतःची मुद्रा स्वतः उमटविली. ती तबकडी मग अशा कितीतरी घरांत वाजली असेल, ज्यांच्या उंबऱ्याच्या आत तिला स्वतःला पाऊल टाकू दिले गेले नसते.

खरा नैतिक प्रश्न येथे आहे. समाज गाणे लवकर स्वीकारतो, माणूस उशिरा. अख्तरीबाई फैजाबादी यांनी १९४५ साली लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी विवाह केला आणि त्यांचे गाणे थांबले. कुलीन घराने बाईंना स्वीकारले. गाणे बाहेर राहिले. गाण्यावाचून त्या खचत गेल्या आणि १९४९ मध्ये लखनौच्या आकाशवाणी केंद्रावरून पुन्हा गाऊ लागल्या. पुढे बेगम अख्तर या नावाने त्यांनी गझलेला जे दिले ते सर्वश्रुत आहे. १९७४ साली त्या निवर्तल्या. लखनौच्या पसंदबागेत आपल्या आईशेजारी त्या विसावल्या आहेत. त्यांच्या गझला आज घराघरांत गायल्या जातात आणि त्या गाणाऱ्या मुलींचे आईबाप कौतुकाने माना डोलावतात. या कौतुकात वावगे काही नाही. मात्र तीच मुलगी उद्या सासरी गेल्यावर गायची थांबली तर तिच्यासाठी कोण अस्वस्थ होईल, हे त्या कौतुकावरून कळत नाही.

रोजच्या संसारातही हेच घडते. तेथे तंबोरा नसतो इतकेच. सून सासूच्या हाताची चव उचलते, तिची सणावाराची रीत चालविते, तिच्या अंगाईने नातवंडे निजविते. कुटुंब म्हणजे एका परीने पिढ्यानपिढ्या चाललेले पुनर्गायनच. प्रत्येक पिढी जुनी चाल घेते, आपल्या गळ्याप्रमाणे थोडी वळविते आणि पुढे देते. स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंच्या हातची आमटी ‘या घराची खासियत’ म्हणून पाहुण्यांत वाखाणली जाते. बाईंचे आडनाव मात्र घरातल्या कुणाला ठाऊक नसते. चोरी कुणी केलेली नसते. पण चालीवर ‘चाल’ असे लिहायचे राहून गेलेले असते.

ही उणीव भरून काढता येते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हजाराहून अधिक गावांतून गोळा केल्या. जात्यावरची ओवी म्हणजे निनावी लोकधन, असे मानण्याचा प्रघात होता. आणि एका अर्थी ते खरेही आहे; आईकडून लेकीकडे, जावेकडून जावेकडे आलेल्या ओवीचा कर्ता कोण हे सांगता येत नाही. या संग्रहाने कर्ता शोधण्याचा हट्ट धरला नाही. ओवी जिने म्हटली तिचे नाव लिहिले आणि तिच्या गावाचे नाव लिहिले. रचना सर्वांची असली तरी ती पुढे नेणारी बाई कुणीतरी एक असते, एवढेच त्या नोंदीने मान्य केले.

दुसऱ्याचे गाणे गाण्यात अपराध नाही. न गाण्यात मात्र गाण्याचा मृत्यू आहे. मूळ गायकाइतके चांगले गावे, ही अपेक्षाही गैरलागू आहे, कारण ऋण गुणवत्तेने फिटत नाही. गाणाऱ्याने एवढेच पाहावे की, त्या गाण्याला आपल्या घरात जी जागा मिळाली, ती ज्यांच्याकडून ते आले त्यांनाही मिळाली असती काय? उत्तर नकारार्थी येत असेल तर सूर कितीही शुद्ध लागला तरी देणे शिल्लक आहे. आणि ते फेडण्याची सुरुवात फार लहान गोष्टीपासून होऊ शकते: गाणे संपल्यावर, ते कुणाकडून मिळाले तिचे नाव आणि गाव सांगण्यापासून.