वंचकाचं खातं

रोज सकाळी मी गोदाघाटावर फिरायला जातो, असं घरी सांगितलेलं आहे. प्रत्यक्षात मी पाऊण तास एका बगळ्याकडे बघत उभा असतो. तो चालत नाही, म्हणून मीही चालत नाही.

हा बगळा म्हणजे चित्रातला पांढराशुभ्र, डौलदार बगळा नव्हे. हा मातकट, अंगावर रेघा असलेला, मान खांद्यात खुपसून बसणारा. मार्चअखेरीला आमचे हेडकॅशियर बसतात तसा. उडाला की मात्र पंख उघडतात आणि आतून लख्ख पांढरा निघतो. पुष्कळ माणसं बाहेरून पांढरी आणि आतून मातकट असतात, त्याच्या बरोबर उलट! आणि एवढं असूनही मराठीत या पक्ष्याचं नाव काय, तर वंचक. म्हणजे फसवणारा. ढोकरी असंही एक नाव आहे, पण पक्ष्यांच्या पुस्तकांना वंचकच आवडतो. अहो, चारशेवीस कलमसुद्धा २०२४ साली जाऊन त्याच्या जागी नव्या न्याय संहितेचं ३१८ आलं. बगळ्याचा खटला मात्र जुन्याच नावाने चालू आहे.

त्याचा गुन्हा एवढाच, की तो न हलता उभा राहतो. आजूबाजूला लोक स्नान करतात, दशक्रिया करतात, चादरी आपटतात. हा पानवेलींच्या काठावर दोन हातांवर ढिम्म. इतकं जवळ जाऊ देतो म्हणून हिंदीवाले त्याला ‘अंधा बगला’ म्हणतात. या आंधळ्याला बेडूक मात्र बरोबर दिसतो. बेडूक टप्प्यात आला, की आखूड वाटणारी ती मान एकदम हातभर लांब होते आणि बेडकाचं खातं बंद.

नाशिकपासून जवळच निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र झालं. तिथे लोक पहाटे उठून, हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन परदेशी पाहुणे बघायला जातात. वंचकासाठी कोणी पेट्रोल जाळत नाही. तो आपला गटाराच्या तोंडाशीही सुखात असतो.

तर प्रश्न असा, की गप्प उभं राहणं ही फसवणूक होते का? पंचतंत्रातला बगळा लबाड खरा. त्याने माशांना दुसऱ्या तळ्यात नेण्याचं आश्वासन दिलं आणि वाटेत खाल्लं. तिथे रीतसर आश्वासन आहे. पण महाभारतात चार पांडव तळ्याकाठी निपचित पडल्यावर युधिष्ठिराला प्रश्न विचारणारा यक्ष आधी बगळाच असतो, आणि शेवटी तो निघतो साक्षात धर्म. म्हणजे एकाच पक्ष्याकडे दोन्ही खाती, नावेही आणि जमाही. आमच्या घाटावरच्या बगळ्याने तर यातलं काहीच केलेलं नाही. ‘मी ध्यान करतोय’ असं तो कधी बोलला? ते आपण म्हटलं. शेजारी दुतोंड्या मारुती उभा आहे. त्याला दोन तोंडं आहेत म्हणून कोणी नाव ठेवत नाही; उलट पाणी त्याच्या कमरेला लागलं की गळ्याला, यावर सगळं नाशिक पुराचा अंदाज बांधतं.

बगळ्याची वकिली मी इतक्या हिरिरीने करतो याला कारण आहे.

२०२२ सालचा फेब्रुवारी. दिंडोरीकडची एक आजी काउंटरवर आली. पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात मुदत ठेवीची पावती घडी घालून ठेवलेली. साठ हजारांची. मुदत महिन्यापूर्वीच संपलेली मला दिसली. रांग मोठी होती, दोन वाजायला दहा मिनिटं होती आणि डब्यात भरलेली वांगी होती. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पासबुक छापून दिलं.

ती पुन्हा आली २०२३ च्या एप्रिलमध्ये. मुदत उलटलेल्या ठेवीला बचत खात्याचा किंवा ठरलेला, यांतला जो कमी तो व्याजदर, असं रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे नियमात मी कुठेही सापडत नाही. हिशेब केला तर आजीचे हजार-दीड हजार गेले होते. मी निमूटपणे नवी पावती करून दिली. तिने पिशवीतून द्राक्षं काढली. म्हणाली, ‘‘भाऊ, तुम्ही हाये म्हनून पैशाची चिंता न्हाई.’’

द्राक्षं गोड होती, हेच वाईट.

तेव्हापासून घाटावर उभा राहून मी ताळेबंद जुळवतोय. जो हलला नाही तो वंचक ठरत असेल, तर मीही ठरतो. आणि बगळा सुटत असेल, तर त्याच्या आडून मलाही सुटता येईल का? पण गाडी नेहमी एकाच ठिकाणी अडते. बेडकाचं बगळ्याकडे खातं नव्हतं. आजीचं माझ्याकडे होतं.

परवा आजी आली होती. मी मनाशी ठरवून टाकलं, खिडकीशी वाकलो आणि हळूच म्हणालो, ‘‘आजी, मागं एकदा तुमच्या पावतीचं...’’

‘‘मोठ्यानं बोल भाऊ,’’ ती म्हणाली, ‘‘आताशा ऐकू येत न्हाई.’’

तिच्यामागे अकरा माणसं रांगेत उभी होती. सगळ्यांना ऐकू येत होतं.

मी तिचं पासबुक छापून दिलं.