आवाज कुणाचा?

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाला जगभरची दुर्मिळ ध्वनिमुद्रणे जमविण्याचा छंद आहे. कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी; हा आवाज जमवतो. शंभर वर्षांपूर्वी मेणाच्या नळकांड्यांवर टिपलेले सूर, ज्या भाषा बोलणारे आज कुणी उरले नाही त्या भाषांतील बोल, असे पुष्कळ काही त्याच्या संगणकात साठलेले आहे. एके सायंकाळी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, हे खास तुमच्यासाठी."

खरखरीतून एका इंग्रज माणसाचा ग्रामीण वळणाचा आवाज उमटला. दोन वाक्ये ऐकताच आम्ही ओळखले, संत लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला. आवाजात ना प्रवचनाचा आविर्भाव होता, ना भक्तिभाव. शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसा तो माणूस बोलत होता. "कोण हा?" आम्ही विचारले. "युद्धकैदी," तरुण म्हणाला. "पहिल्या महायुद्धातला."

१९१५ ते १९१८ या काळात जर्मनीत प्रशियन सरकारने नेमलेला एक ध्वनिमुद्रण आयोग कार्यरत होता. मानसशास्त्रज्ञ कार्ल स्टुम्फ त्याचे अध्यक्ष. योजना भाषाशिक्षक विल्हेल्म डोगेन यांची. जगाच्या कानाकोपऱ्यातील माणसे कैदी होऊन आयतीच छावण्यांत आलेली. त्यांच्या भाषा टिपण्यासाठी देशोदेशी हिंडायला नको, असा हा व्यवहारी विचार. सुमारे अडीचशे भाषा आणि बोलींच्या साधारण १६५० तबकड्या अशा तयार झाल्या. कैद्याने काय बोलायचे ते अगोदर लिहून ठेवलेले असे. मग त्याला कर्ण्यासमोर उभे करीत. त्याचे नाव, गाव, धर्म, व्यवसाय आणि आवाजाचा दर्जा अशा नोंदी एका कागदावर होत. हा संग्रह आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाकडे आहे.

पण उधळ्या पुत्राचाच दाखला का? भाषापंडितांना तो फार सोयीचा वाटत आला आहे. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी भारतातील भाषांची पाहणी केली तेव्हा नमुन्याचा उतारा म्हणून हाच दाखला निवडला होता. कारण त्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ एकत्र सापडतात. त्या पाहणीचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. ठाणे जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकांच्या बोलीचीही त्यात 'किरिस्ताव' या नावाने नोंद आहे. प्रभूने दिलेला दाखला व्याकरणाच्या उपयोगी पडावा यात आम्हांला काही गैर वाटत नाही. किंबहुना थोडी गंमतच वाटते. छावणीत मात्र गंमत उरत नाही. परदेशी उपाशी पडलेला मुलगा उठतो आणि बापाच्या घराची वाट धरतो, हे ज्याच्या तोंडून वदवून घेतले, त्याच्या भोवती काटेरी तार होती. दाखल्यातल्या मुलाला निदान उठून चालू लागण्याची मोकळीक तरी होती. ऐकणाऱ्या पंडितांचे लक्ष स्वरांच्या उच्चारावर.

बर्लिनच्या दक्षिणेस व्यून्सडॉर्फ येथील छावणीत हिंदी शिपाईही होते. त्यांच्यापैकी मल सिंग या पंजाबी शिपायाचा आवाज ११ डिसेंबर १९१६ रोजी टिपला गेला. मुद्रण जेमतेम सव्वा मिनिटाचे आहे. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खात असे, अशी तो परक्याची गोष्ट सांगावी तशी स्वतःची गोष्ट सांगतो. हा माणूस युरोपच्या लढाईत आला आणि जर्मनांच्या हाती सापडला. आणखी दोन वर्षे येथेच राहावे लागले तर तो मरेल. देवाच्या कृपेने तह झाला तर घरी जाईल. 'मी' हा शब्द तो उच्चारीत नाही. का, ते त्याचे तोच जाणे.

आम्ही अस्वस्थ झालेले पाहून तरुण म्हणाला, "पण फादर, त्यांनी टिपलंच नसतं तर हा माणूस आपल्यापर्यंत पोहोचला असता का?" प्रश्न बिनतोड होता. चांगले निपजावे म्हणून वाईट करू नये, हे आम्ही सेमिनरीत संत पौलाच्या आधारे शिकलो. पण वाईट आधीच कुणीतरी करून ठेवले असेल आणि फळ आपल्या ओंजळीत आले असेल, तर काय करावे? ते टाकून दिल्याने त्या शिपायाची सुटका होत नाही. उलट त्याचे एवढेसे बोलणेही पुसले जाते.

आणि या प्रश्नातून ख्रिस्तसभेचीही सुटका नाही. संग्राहक ज्यासाठी जीव टाकतात अशी काही मुद्रणे १९०२ आणि १९०४ साली व्हॅटिकनमध्ये झाली. गायक आलेस्सांद्रो मोरेस्की, सिस्टीन गायकवृंदातील. बालपणीच शस्त्रक्रियेने पुरुषत्व हिरावून ज्यांचा आवाज कोवळा राखला जाई, त्या गायकांपैकी एकट्याने गायिलेली मुद्रणे मागे ठेवणारा हा एकच. अशी शस्त्रक्रिया निषिद्ध मानायची आणि तिचे फळ मात्र शतकानुशतके उपासनेत वापरायचे, हे आपल्याच घरात घडले. दहावे पायस यांच्या १९०३ च्या आज्ञापत्राने उच्च स्वरांसाठी मुलांचेच आवाज घ्यावेत असे ठरले. तो आवाज आम्ही ऐकला आहे. सुंदर आहे असे म्हणवत नाही, नाही असेही म्हणवत नाही.

संत ऑगस्टीन यांनी 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात एक कबुली दिली आहे. गायिल्या जाणाऱ्या आशयापेक्षा गाण्यानेच मन अधिक हेलावले तर ते त्यांना आपले पाप वाटे. सेमिनरीत आम्हांला हा अतिरेकी काटेकोरपणा वाटला होता. आता वाटत नाही. 'दुर्मिळ' या शब्दात हाच धोका दडलेला आहे. आवाज दुर्मिळ ठरला की तो वस्तू होतो, आणि वस्तू काय बोलते याकडे कुणी लक्ष देत नाही. मल सिंगला मरणाची भीती वाटत होती, हे त्याच्या मुद्रणात ऐकण्याजोगे सर्वांत महत्त्वाचे आहे. नेमके तेवढे सोडून बाकी सारे त्या नोंदीच्या कागदावर मावत होते.

हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळतो. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही तरुण साहाय्यक धर्मगुरू असताना एका वृद्ध बाईंची लग्नातील जुनी गाणी कॅसेटवर टिपून घेतली होती. गाता गाता त्या मध्येच थांबल्या आणि बोटीवर नोकरीला गेलेल्या, दोन वर्षे पत्र न आलेल्या मुलाविषयी बोलू लागल्या. दहाबारा मिनिटे बोलल्या. आम्ही अदबीने मान डोलावली. नंतर धर्मग्रामाच्या महोत्सवासाठी गाण्यांची स्वच्छ प्रत काढून घेतली आणि मूळ कॅसेटवर दुसरेच काही भरले.

बाई वारल्यावर काही वर्षांनी त्यांची सून ती कॅसेट मागायला आली. आमच्याच खोलीत बसून तिने सगळी गाणी ऐकली. टेप थांबली तेव्हा तिने विचारले, "फादर, आई यात नुसत्या गातातच का? बोलत नाहीत कुठे?"