उलटी बाजू

विकास नगर, लखनौ
ज्येष्ठातला पहिला मंगळवार

चि. छकुलीस,


आज इथला ‘बडा मंगल’. सकाळपासून टेढी पुलियापासून अलीगंजच्या हनुमान मंदिरापर्यंत ठिकठिकाणी मांडव पडलेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून पुरी-भाजी आणि गार सरबत देतात. तू कोण, कुठला, असं कुणी विचारत नाही. दुपारी घरी येऊन पंख्याखाली बसले आणि तुझा निरोप पुन्हा वाचला.

तू लिहिलंयस, ‘हाताचं लखनवी चिकन’ म्हणून मागवलेला कुर्ता पहिल्याच धुण्यात उसवला. परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती उलटून गेली. कंपनी म्हणते, आता काही करता येणार नाही. ‘जाऊ दे मावशी, बाराशे रुपयांसाठी कोण डोकं लावत बसणार? ते रोजचे ईमेल कसे थांबवायचे तेवढं सांग.’

ईमेलचं सांगतेच. पण त्याआधी तुझ्या त्या ‘जाऊ दे’बद्दल मला बोलायचं आहे.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. पुढच्या बाजूने कुर्ता देखणा आहे, मीही क्षणभर फसले असते. पण उसवलेल्या जागी कापड उलटं झालंय आणि तिथे सगळं उघड दिसतं. प्रत्येक फुलामागे यंत्राचा एकसारखा दोरा धावतोय, आणि टाक्यांखाली चिकटवलेल्या कडक पांढऱ्या अस्तराचे कपटे राहिलेत. हाताच्या चिकनमध्ये असं नसतं. आधी लाकडी ठशाने कापडावर निळी नक्षी उमटवतात, मग बायका सुईने ती भरतात आणि शेवटी धुऊन तो निळा रंग घालवतात. ‘बखिया’ टाक्यात दोरा मागच्या बाजूला भरलेला असतो आणि पुढे फक्त त्याची सावली दिसते. ‘मुर्री’ तांदळाच्या दाण्याएवढी, ‘फंदा’ त्याहून बारीक, गोल गाठीसारखा. ‘जाळी’ करताना कापड कापत नाहीत. सुईने दोरे बाजूला सारून छिद्रं पाडतात. हाताने भरलेली दोन फुलं कधी तंतोतंत सारखी नसतात. म्हणून इथल्या जाणत्या बायका दुकानात कुर्ता हातात घेतला की आधी उलटा करतात, किंमत त्यानंतर विचारतात. तुमच्याकडे पैठणी घेताना आजी पदराची मागची बाजू बघायची, तसंच हे.

यंत्राचं भरतकाम वाईट असतं असं मी म्हणत नाही. यंत्राचं म्हणून विकलं, यंत्राच्या भावाने विकलं, तर तो सरळ व्यवहार झाला. पण तुला ‘हाताचं’ म्हणून विकलं. म्हणजे पैसे तू दिलेस आणि नाव दुसरीचंच चोरलं गेलं.

ती दुसरी कोण, ते तुला माहीत हवं. लखनौत आणि आसपासच्या गावांत हजारो बायका घरकाम उरकून दाराशी उजेडात बसून चिकन भरतात. एका कुर्त्याला कित्येक दिवस जातात आणि मधल्या दलालांच्या हातून तिच्यापर्यंत पोचते ती मजुरी फार थोडी. १९८४ साली रूना बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे ‘सेवा लखनौ’ ही संस्था उभी केली ती यासाठीच, की भरणाऱ्या बाईला दलालाविना काम मिळावं आणि दाम तिच्या हाती पडावा. २००८ साली लखनवी चिकनला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. एवढ्या खटपटीने मिळवलेलं नाव कुणी तरी संगणकावर दोन शब्दांत टाइप करतो आणि दूरच्या यंत्रावरचा माल त्या नावाने खपवतो. बाराशेला ‘हाताचं’ मिळतंय म्हटल्यावर खरं हाताचं काम करणारीचा भाव कुणाला पटेल? ‘बारा दिवस लागले’ म्हणून तिने चार हजार मागितले, तर लोक तिलाच लुटारू म्हणतील.

म्हणून ‘जाऊ दे’ म्हणायचं नाही. तुझे बाराशे रुपये तू सोडू शकतेस, पण त्यातला तिचा वाटा सोडून द्यायचा हक्क तुला नाही.

हे मी वरवर सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी पाण्याच्या मशीनचा फिल्टर मीही अशाच एका ऑनलाइन बाजारातून मागवला होता. खोक्यावर नामांकित कंपनीचं नाव, चकाकणारा होलोग्राम, सगळं होतं. आठ दिवसांत पाण्याला प्लॅस्टिकचा वास यायला लागला आणि तुझ्या काकांचं पोट बिघडलं. मूळ कंपनीच्या दुकानात फिल्टर नेला. तिथल्या मुलाने नंबर तपासला आणि म्हणाला, ‘माताजी, यह हमारा माल नहीं है.’

परत करायला गेले तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली. पार्सल न्यायला आलेल्या मुलाने मोबाइलवरचा फोटो आणि हातातला फिल्टर ताडून पाहिले आणि म्हणाला, ‘फोटोशी जुळत नाही, मला घेता येणार नाही.’ माल डुप्लिकेट होता म्हणून परत करायचा होता, आणि डुप्लिकेट होता म्हणूनच तो परत जात नव्हता! दोनदा हेच झालं. त्या मुलाचा दोष नव्हता. जुळत नसलेला माल नेला असता तर त्याच्याच पगारातून कापला असता. कस्टमर केअरला फोन केला की दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. शेवटी म्हणाले, पैसे आमच्या वॉलेटमध्ये टाकतो, त्यातून दुसरं काही घ्या. मी नको म्हटलं. पैसे माझ्या बँकेतून गेले होते, तिथेच यायला हवे होते. त्या दिवसांत रोज एक ईमेल यायचा: खरेदी कशी वाटली, किती तारे द्याल?

पहिले तीन आठवडे मी फक्त बोलत राहिले, ही माझी चूक. बोललेलं विरून जातं. चौथ्या आठवड्यात कागद केला: ऑर्डरची तारीख, बिल, खोक्याचे आणि फिल्टरचे फोटो, मूळ कंपनीच्या दुकानातून लिहून घेतलेली चिठ्ठी, मुलगा दोनदा रिकाम्या हाती परत गेला त्या तारखा. तो तक्रार अधिकाऱ्याला पाठवला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर दोन आठवड्यांत सगळी रक्कम बँकेत जमा झाली.

आता तुझ्या ‘मुदत संपली’विषयी. सात दिवसांची मुदत हा कंपनीचा नियम आहे. मन बदललं, माप बसलं नाही, अशा वेळी तो लागू होईल. पण माल खोटा असेल, सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितला तसा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलंय. त्याच नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क उघड दाखवावा लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. ‘आम्ही फक्त मध्यस्थ, माल विक्रेत्याचा’ असं ऐकायला मिळेल. पण विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं हेसुद्धा त्या मध्यस्थाचंच काम आहे. वस्तूच्या पानावर चित्रांखाली बारीक अक्षरांत विक्रेत्याचं नाव असतं. पानाची ती उलटी बाजू समज, आणि खरेदीआधी ती वाचत जा.

इतक्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि तेव्हापासून तू राहतेस तिथेच, ठाणे शहरातच, तक्रार करता येते. विक्रेता कुठल्याही गावचा असो, तिथवर जायला नको. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील हवाच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. तुझे दोन महिनेही झालेले नाहीत.

एका बाईच्या तक्रारीने काय होतं, असंही तुझ्या मनात येईल. तक्रारी साचल्या की यंत्रणा हलते. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकात न बसणाऱ्या प्रेशर कुकरच्या विक्रीबद्दल अ‍ॅमेझॉनला एक लाख रुपये दंड केला आणि असे २,२६५ कुकर घेणाऱ्यांना कळवून पैसे परत करायचा आदेश दिला. ७ मार्च २०२५ ला भारतीय मानक ब्युरोने आमच्या लखनौतच त्या कंपनीच्या एका गोदामावर छापा घालून प्रमाणपत्र नसलेली २१५ खेळणी आणि २४ हँड ब्लेंडर जप्त केले. माझ्या फिल्टरचा या कंपनीशी संबंध नाही, हे इथे सांगायला हवं. पण कुकर आणि खेळणी यांत जिवाचा प्रश्न असतो. तेव्हा अशी वस्तू घेताना आयएसआय चिन्हाबरोबरचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासायचा, एवढी सवय लावून घे.

आता ईमेल. सगळे एका मापाने मोजू नकोस. ज्या दुकानातून तू खरंच खरेदी केली आहेस, त्याच्या जाहिरातीच्या ईमेलमध्ये तळाशी बारीक अक्षरांत ‘अनसबस्क्राइब’ असतं. ते दाब आणि तुझ्या खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊनही जाहिराती बंद कर. ज्याचं नाव कधी ऐकलं नाही त्याच्या ईमेलमधलं काहीच दाबू नकोस, ‘अनसबस्क्राइब’सुद्धा नाही, दाबलंस की पत्ता चालू आहे हे त्याला कळतं. ते सरळ स्पॅममध्ये टाक. खरेदीसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेव. एसएमएस आणि कॉल १९०९ वर बंद करता येतात. पुन्हा पुन्हा टोचत राहणं, ‘फक्त दोन नग शिल्लक’ अशी खोटी घाई करणं, गुपचूप टोपलीत वस्तू घालणं, अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांवर सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक सूचना काढून बंदी घातली आहे. त्यांचीही तक्रार १९१५ वर होते.

यातला एक ईमेल मात्र घात करणारा असतो. माझा रिफंड अडकलेला असतानाच ‘तुमचे पैसे तयार आहेत, खालची लिंक उघडा’ असा ईमेल आला. पाठोपाठ फोन आला, माणूस अगदी अदबीने बोलत होता. यूपीआयचा पिन टाका, म्हणाला. कंटाळलेली होते, बोट पिनपर्यंत गेलं होतं. काका शेजारी होते म्हणून वाचले. बाळा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. थकलेल्या माणसाला गाठणारे हे लोक असतात. चुकून कधी पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नकोस, त्याच क्षणी १९३० ला फोन कर.

तुझ्या आजीच्या दादरच्या घरी महिन्यातून एकदा ग्राहक पंचायतीचा माल यायचा. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली. आसपासच्या कुटुंबांनी संघ करायचा, मागणीचा तक्ता भरायचा, आणि डाळ, गूळ, साबण एका घरी उतरला की सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. मी लहानपणी त्या पिशव्यांवर नावं लिहिली आहेत. माल खराब निघाला तर कुणाला विचारायचं ते प्रत्येकाला ठाऊक असे. ग्राहकांनी एकत्र यायची सवय लागली, त्यांच्या चळवळींनी मागणी लावून धरली, आणि २४ डिसेंबर १९८६ ला देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. मुंबईत विकत घेणारे एकत्र आले, लखनौत भरणाऱ्या बायका एकत्र आल्या. आजच्या बाजारात घेणारी आणि भरणारी यांची गाठच पडत नाही. तू लेखी तक्रार करतेस तेव्हा, न भेटताही, तू तिच्या बाजूने उभी राहतेस.

आज रात्री बसून तक्रार लिही. ‘हाताचं’ असं लिहिलेल्या त्या पानाचा फोटो आधी काढून ठेव, ते बदलू शकतं. मसुदा मला पाठव, मी वाचून देते. थंडीत इकडे ये. इथल्या ‘चौक’ बाजारात जाऊ, भरणाऱ्या बाईकडूनच कुर्ता घेऊ, आणि तो उलटा कसा बघायचा ते तिलाच विचारू.

तुझी,
लखनौची मावशी

ता.क. – तो कुर्ता फेकू नकोस आणि उसवलेलं शिवूही नकोस. पुरावा म्हणून तोच दाखवायचा आहे.