थेट प्रक्षेपण आणि कौशिकाचे सत्य

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. सदैव खरेच बोलायचे, हे त्याचे व्रत. जीव वाचवायला रानात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांनी विचारला, तेव्हाही तो खरेच बोलला. माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्याचे वार्तांकन याच पेचापाशी आणून सोडते. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो घराघरांत थेट दिसत होते आणि हल्लेखोरांना पाकिस्तानातून फोनवर सूचना देणारेही टीव्हीपुढे बसले होते. दाखवलेली दृश्ये खरी होती, एवढ्याने ती दाखवणे योग्य ठरते का?

वाहिन्यांच्या बाजूने असे म्हणता येईल, की कौशिकाला समोरचे दरोडेखोर दिसत होते, कॅमेऱ्याला प्रेक्षक दिसत नाही. पण त्याने जबाबदारी उलट वाढते. जो सगळ्यांना सांगतो, तो दरोडेखोरालाही सांगतच असतो. २९ ऑगस्ट २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच बाजू धरली. प्रक्षेपणामुळे एखाद्या जवानाला इजा झाली का, हे सांगता येत नाही, असे मान्य करूनही न्यायालयाने वाहिन्यांना दोष दिला: त्यांच्यामुळे कारवाई अवघड आणि धोक्याची झाली, आणि तीच दृश्ये मोहीम संपल्यावर दाखवता आली असती. दुसऱ्याचा जीव पणाला लावणे हाच दोष. डाव सुदैवाने फसला नसला, तरी तो दोष पुसला जात नाही.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. आज ‘थांबा’ म्हणणारे सरकार उद्या ‘लपवा’ म्हणेल. ही भीती पोकळ नाही. २०१५च्या नियमाने दहशतवादविरोधी मोहिमेचे थेट प्रक्षेपण बंद करून नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीवरच वाहिन्यांना थांबवले. त्या अधिकाऱ्याच्या यंत्रणेची चूक झाली, तर साक्षीदार कोण? म्हणून चित्रीकरण थांबता कामा नये. थांबावे ते प्रक्षेपण, आणि मोहीम संपताच सारे लोकांपुढे यावे. कौशिकाच्या कथेत कृष्णही आधी मौनाचाच मार्ग सांगतो, खोटे बोलण्याची मुभा त्यानंतरची. मोबाइलवर कुणीही दाखवेलच, मग आम्हीच का थांबायचे, हा युक्तिवाद तर पत्रकारितेच्या मुळावरच येतो. काय, केव्हा दाखवायचे याचा विवेक सोडला, तर पत्रकार आणि बघ्या यांत फरक उरत नाही. संपादकाने स्वतःहून थांबायचे नाकारले, की त्याला थांबवण्याचा अधिकार सरकारच्या हाती आयता जातो. २०१५चा नियम त्याचेच उदाहरण आहे.