चिलटाच्या डोळ्यातलं घड्याळ

दुसरबीडच्या बसस्टँडवर केळीच्या गाडीपाशी चिलटं कधी जमतात, हे गाडीवाल्याला विचारायची गरज नाही. उन्हं वर यायच्या आत, आणि मग दिवेलागणीच्या सुमारास. मे महिन्यात दुपारी दोन वाजता तीच केळी जास्त पिकलेली, जास्त घमघमणारी असतात, पण चिलटांचा पत्ता नसतो. उन्हामुळे दडून बसली असतील, असं म्हणून आपण पुढे जातो. ते अर्धंच खरं आहे. चिलटाला अंधाऱ्या खोलीत, एकाच तापमानात कोंडून ठेवलं तरी पुढचे काही दिवस त्याची धावपळ आणि त्याची सुस्ती साधारण ठरल्या वेळीच होते. ऊन नाही, सावली नाही, गाडीवाल्याची हाळीही नाही. वेळ त्याला आतून कळते.

शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतो ती फळमाशी वेगळी, तिच्याकडे नंतर येऊ. हे चिलट म्हणजे ड्रोसोफिला. जेमतेम तीन मिलिमीटरचा जीव, पण शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षं याला दुधाच्या बाटल्यांत वाढवून आनुवंशिकतेचं निम्मं शास्त्र उभं केलं. १९७१ साली कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी तीन बिघडलेल्या चिलटांच्या जाती दाखवल्या. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला दिवसच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात निघाले. त्याचं नाव 'पीरियड'. याच जनुकाचा धागा धरून जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी घड्याळाची आतली रचना उलगडली. २०१७ चं नोबेल त्यांना मिळालं ते त्यासाठीच. गच्चीवरची टाकी भरली की फुगा वर येतो आणि पाणी बंद होतं, तसंच हे. पीरियड जनुकापासून बनलेलं प्रथिन रात्रभर साचतं, 'टाइमलेस' नावाच्या जोडीदारासह पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि स्वतःचंच उत्पादन थांबवतं. मग ते हळूहळू संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. या फेरीला सुमारे २४ तास लागतात. सकाळचा उजेड पडला की 'क्रिप्टोक्रोम' हे प्रथिन टाइमलेसचा निकाल लावतं, आणि घड्याळ बाहेरच्या सूर्याशी जुळतं.

इथवरची गोष्ट आता पाठ्यपुस्तकांतही येते. मला जास्त नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. उजेड डोळ्यातून आत जातो आणि घड्याळ लावतो, हे समजायला सोपं आहे. पण घड्याळही उलट डोळ्याला हुकूम सोडतं. कधी किती बघायचं, कशाकडे बघायचं, हे त्या हुकमावर ठरतं.

चिलटाच्या प्रत्येक डोळ्यात साडेसातशे ते आठशे बारीक नेत्रिका, आणि प्रत्येक नेत्रिकेत आठ प्रकाशग्राही पेशी. या पेशींमध्येही स्वतःचं घड्याळ चालतं. मेंदूतल्या मुख्य घड्याळावरच सगळी भिस्त नाही. पोलंडमधल्या क्राकूवच्या एल्झ्बिएटा पिझा आणि कॅनडातले इयन मायनर्ट्झहागन यांनी डोळ्यामागच्या पहिल्याच चेताथराचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. तिथल्या दोन जातींच्या पेशींचे तंतू दिवसातून दोनदा जाड होतात, सकाळी आणि सांजेला. दुपारी आणि रात्री ते बारीक. सतत अंधारात ठेवलेल्या चिलटांमध्येही हा फेर चालू राहतो, आणि पीरियड जनुक निकामी असलेल्यांमध्ये राहत नाही. म्हणजे उजेड यायच्या आधीच डोळ्यामागची वायरिंग उजेडाची तयारी करून बसलेली असते. गाडीवरची गर्दी सकाळ-संध्याकाळची, आणि हे तंतू फुगण्याच्या वेळाही त्याच.

आणखी मजा २०१९ मध्ये झाली. मायामी विद्यापीठातल्या गटाने चिलटांपुढे वेगवेगळ्या रंगांचा उजेड ठेवला आणि दिवसभर त्यांची निवड नोंदवली. सकाळी आणि उतरत्या दुपारी हिरवा त्यांना भावला. ऐन मध्यान्ही हिरव्याची ओढ ओसरली आणि ती मंद उजेडात सरकली. निळ्यापासून मात्र ती दिवसभर लांबच. घड्याळ बिघडलेल्या चिलटांमध्ये हिरव्याची ही चढउतार दिसेना. हिरवा तोच, डोळा तोच. वेळ बदलली की आवड बदलली. आपण 'दिसणं' म्हणजे उजेड आणि डोळा यांचा व्यवहार समजतो. त्यात तिसरा भागीदार वेळ आहे, आणि त्याचा वाटा मोठा आहे. माझं तर मत असं की प्रयोगशाळा दहा ते पाच चालतात म्हणून कीटकांच्या नजरेबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं दहा ते पाचचंच असावं.

हे सगळं परदेशातच होतं असं मात्र नाही. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी चिलटावर मोठं काम उभं केलं. उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या चिलटांवरचा त्यांचा १९७६ चा निबंध याच बेंझर यांच्यासोबतचा आहे. सिद्दिकींचा पुढचा ओढा मुख्यतः वास आणि चव यांच्याकडे राहिला. घड्याळाचं काम अहमदनगर कॉलेजातही झालं. तिथे डी. एस. जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या अक्षांशांवरची, वेगवेगळ्या उंचीवरची चिलटं गोळा केली. त्यांच्या एका अभ्यासातली चिलटं हेमकुंड साहिबची, समुद्रसपाटीपासून ४,१२१ मीटरवरची. खालच्या मुलखातल्या आपल्या भाईबंदांपेक्षा या चिलटांचं घड्याळ उजेडाला आणि तापमानाला वेगळा प्रतिसाद देतं, हे त्यांनी दाखवलं. कडाक्याच्या थंडीत पहाटे उठून काय करायचं, हा प्रश्न चिलटालाही आहे! एका संलग्न महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातून जगाच्या नियतकालिकांत जाणारं काम झालं, याचं आपल्याकडे कौतुक कमीच झालं.

माणसाचा डोळाही या नियमातून सुटलेला नाही. आपल्या दृष्टिपटलातही घड्याळाची जनुकं चालतात. उंदरांच्या डोळ्यांतल्या दंडपेशी आपली जुनी टोकं रोज सकाळी, उजेड झाल्यावर थोड्याच वेळात टाकून देतात, हे १९७६ पासून माहीत आहे. रात्रीच्या प्रवासात हे आठवतं. आमच्या सिंदखेडराजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास पिंपळखुटा शिवारात बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्या अपघाताचं कारण सांगण्याचा अधिकार मला नाही. पण मध्यरात्रीनंतर माणसाची सावधता उतरणीला लागते, हे कुठल्याही चौकशीशिवाय खरं आहे. जागं राहणं आणि नीट दिसणं या दोन गोष्टी आपण एकच धरतो.

आता ती दुसरी, शेतकऱ्याची फळमाशी. पेरू-आंब्याच्या बागेत मिथाइल युजेनॉलचे सापळे लागतात ते तिच्या नरांसाठी. तिचा समागम सांजेला होतो, उजेड मंदावताना. ऑस्ट्रेलियात तिच्या दोन जवळच्या बहिणी एकाच बागेत राहतात, एकमेकींशी त्यांचा संकर प्रयोगशाळेत होऊ शकतो; तरी त्या वेगळ्या राहतात, कारण एकीचा मुहूर्त दिवसाउजेडी आणि दुसरीचा संधिप्रकाशात. घड्याळ आणि उजेडाची पारख, एवढ्यावर दोन जाती उभ्या आहेत. सापळे एकरी किती, कोणत्या रंगाचे, हे आपण नेमाने सांगतो. माशी त्या वेळी बघत असते का, हे सांगायचं राहून जातं. सीड प्लॉटमध्ये क्रॉसिंग, म्हणजे हाताने परागीकरण, करणाऱ्या बायांना फुलाची वेळ पक्की माहीत असते. किडीची वेळही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी.

म्हणून तालुक्यातल्या विज्ञानशिक्षकांना एक विनंती. या दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात पिकलेल्या केळ्याचे दोन तुकडे दोन पारदर्शक बरण्यांत ठेवा, एकीला हिरवा जिलेटीन कागद गुंडाळा, दुसरीला निळा, आणि तोंडं उघडी ठेवा. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, या तीन वेळांना मुलांना चिलटं मोजू द्या. आठवडाभर मोजू द्या, बरण्यांच्या जागा रोज अदलाबदल करा, आणि आकडे जसे येतील तसे वहीत लिहायला लावा. मायामीसारखे येतील असं नाही. वेगळे आले तर ते अधिक जपून ठेवा.