यादीत नसलेली वस्तू

फिल टी. रिच नावाचा एक कोट्यधीश बेपत्ता आहे आणि त्याचा शोध आपल्याला घ्यायचा आहे. २००८ साली निन्टेंडो डीएसवर आलेल्या ‘मिस्टरी केस फाइल्स : मिलियनेअर’ या गेमची कथा ही एवढी. तपासाच्या पहिल्याच जागी पोचलो की कोट्यधीश मागे पडतो आणि समोर उभी राहते अडगळ. खच्चून भरलेली खोली आणि हातात वस्तूंची एक यादी. सापडलेल्या वस्तूवर स्टायलस टेकवला की तिचं नाव यादीतून जातं. सगळी नावं गेली की पुढची खोली.

सिॲटलच्या ‘बिग फिश गेम्स’ने ही मालिका २००५ साली ‘हंट्सव्हिल’पासून संगणकावर सुरू केली, आणि पुढच्या वर्षी आलेल्या ‘रेव्हनहर्स्ट’ने तिला मोठा खेळाडूवर्ग मिळवून दिला. मूळ खेळ मात्र जुना आहे. अमेरिकेतलं ‘हायलाइट्स’ हे मुलांचं मासिक १९४६पासून लपवलेल्या वस्तूंची चित्रं छापतं. मार्टिन हँडफर्डचा पट्टेदार सदऱ्यातला वॉली १९८७मध्ये आला. आपल्याकडे रविवारच्या पुरवण्यांमधून ‘चित्रात दडलेले प्राणी शोधा’ आणि ‘फरक ओळखा’ यांवर कित्येक पिढ्यांनी पेन्सिली झिजवल्या आहेत. गेमवाल्यांनी या खेळात रहस्यकथा घातली. तेवढ्याने खेळाचा दावा बदलला. पुरवणीतलं चित्र फक्त ‘शोधा’ म्हणत होतं. गेम म्हणतो, तुम्ही तपास करत आहात. हा दावा मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो.

आधी हातातल्या यंत्राबद्दल. डीएसचा प्रत्येक पडदा २५६ बाय १९२ पिक्सेलचा, म्हणजे पन्नास हजारांहूनही कमी ठिपक्यांचा. संगणकावरचा ८०० बाय ६००चा पडदा याच्या जवळजवळ दहापट. टेबलावरच्या पडद्यासाठी रंगवलेली खोली या तीन इंची खिडकीत बारीक तपशिलांसह मावणं शक्यच नव्हतं. त्यामुळे अशा गेममध्ये चित्र पडद्याहून मोठं ठेवतात आणि खेळणारा ते सरकवत सरकवत पाहतो. याला तडजोड म्हणतात. मोठ्या पडद्यावर एका नजरेत खोली दिसते, इथे तुकडेच हाती येतात, अशी तक्रार असते.

मला ही तक्रार पटत नाही, कारण एका नजरेत खोली कुणालाच दिसत नाही. आपल्या दृष्टीचा अगदी स्पष्ट भाग फार छोटा असतो : हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा. भोवतीचं सगळं कमीअधिक धूसर असतं. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत तो स्पष्ट तुकडा इकडून तिकडे नेत राहतो आणि मेंदू त्या तुकड्यांची सलग खोली करून आपल्यापुढे ठेवतो. हे इतकं सफाईने होतं की आपल्याला पत्ताच लागत नाही. छोट्या कन्सोलवर तेच काम हाताने करावं लागतं. खिडकी डावीकडे न्यायची की वर, आत्ताच पाहिलेलं कपाट पुन्हा पाहायचं की नाही, हे ठरवावं लागतं. दिवा कुठे दिसला होता ते लक्षात ठेवावं लागतं. पाहणं म्हणजे एकामागून एक केलेल्या निवडी असतात, हे मला कुठल्याही पुस्तकाआधी या छोट्या पडद्याने शिकवलं.

चित्रकार वस्तू लपवतो म्हणजे काय करतो, हेही सावकाश पाहण्यासारखं आहे. मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८०मध्ये मांडलं की हिरव्या खुणांत एकच लाल खूण असेल तर ती शोधावी लागत नाही, आपोआप उठून दिसते. भोवती दहा खुणा असोत की पन्नास, वेळ तेवढाच लागतो. पण रंग आणि आकार दोन्ही जुळवून पाहावे लागले, म्हणजे लाल उभ्या रेघा आणि हिरव्या आडव्या रेघा यांच्या गर्दीतून एकच लाल आडवी रेघ हुडकायची असली, तर एकेका खुणेपाशी थांबावं लागतं आणि गर्दीबरोबर वेळ वाढतो. लपलेल्या वस्तूंचा चित्रकार या दुसऱ्या वाटेने जातो. तो पांढरं पीस पांढऱ्या पडद्याच्या चुणीत ठेवतो, सापाला वेलीच्या नक्षीत गुंफतो. प्रमाणही मोडतो : कात्री दाराएवढी, जहाज बशीएवढं. आपण घरात कात्री शोधतो तेव्हा तिचा आकार आणि तिची जागा दोन्ही गृहीत धरतो. चित्रकाराला आपली ही गृहीतं पक्की माहीत असतात. त्याच्या कौशल्याला मी मनापासून दाद देतो.

माझी अडचण यादीपाशी सुरू होते. यादी दोन गोष्टी देते : काय शोधायचं, आणि ते इथे नक्की आहे याची हमी. ही हमी किती मोठी आहे, हे बाहेरच्या जगाकडे पाहिल्यावर कळतं. विमानतळावर सामानाची एक्स-रे चित्रं पाहणाऱ्या माणसाला शस्त्र जवळजवळ कधीच दिसत नाही, आणि त्यातच धोका असतो. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लक्ष्यवस्तू निम्म्या चित्रांत असताना लोकांच्या नजरेतून ती ७ टक्के वेळा सुटली; शंभरात एकाच चित्रात असताना ३० टक्के वेळा. जे सहसा नसतं ते असलं तरी सुटतं. म्हणून तपासनिसांच्या पडद्यावर मधूनमधून खोट्या शस्त्रांची चित्रं मुद्दाम मिसळली जातात, नजर सैल पडू नये म्हणून. म्हणजे खऱ्या कामातसुद्धा माणसाचं लक्ष टिकवायला थोडा गेम आत घालावा लागला.

यादीचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. ट्रॅफ्टन ड्रू, मेलिसा व्हो आणि वुल्फ यांनी २०१३मध्ये चोवीस रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांची सीटी चित्रं देऊन बारीक गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या चित्रसंचात त्यांनी गोरिलाची आकृती घातली होती, नेहमीच्या गाठीच्या ४८पट मोठी. चोवीसपैकी वीस जणांना ती दिसली नाही. नजरेचा माग ठेवणाऱ्या यंत्राने दाखवलं की त्यातल्या बऱ्याच जणांची दृष्टी थेट त्या गोरिलावर पडून गेली होती. ही माणसं निष्काळजी नव्हती. त्यांच्या मनात गाठींची यादी होती आणि गोरिला त्या यादीत नव्हता.

एडगर ॲलन पोने १८४४ साली हे ओळखलं होतं. ‘द पर्लॉइन्ड लेटर’ या त्याच्या कथेत पोलीस चोरीचं पत्र शोधायला घराचा कोपरान् कोपरा उसकटतात आणि पत्र चारचौघांना दिसेल अशा जागी, वेगळं रूप देऊन ठेवलेलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पोलिसांच्या शोधात कसूर नव्हती. लपवलेलं पत्र कसं असतं याची त्यांची कल्पनाच त्यांना आडवी आली. पोचा गुप्तहेर दुपाँ तिथे नकाशावरच्या एका खेळाचं उदाहरण देतो : नकाशातलं एक नाव सांगायचं आणि दुसऱ्याने ते शोधायचं. नवखा खेळाडू बारीक अक्षरांतलं नाव निवडतो. मुरलेला खेळाडू असं नाव घेतो जे नकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोठ्या अक्षरांत पसरलेलं आहे. गुप्तहेरकथा हा प्रकार नुकता जन्मला होता आणि लपलेल्या वस्तूंचा खेळ त्याच्या पोटात होताच.

म्हणूनच ‘तुम्ही तपास करत आहात’ हा दावा मला मान्य होत नाही. तपासातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे काय शोधायचं ते ठरवणं, आणि ते गेमने आपल्याआधीच करून टाकलेलं असतं. शोधलेल्या बहुतेक वस्तूंचा गुन्ह्याशी संबंधही नसतो. नंतरच्या बऱ्याच गेममध्ये डझनभर वस्तू शोधल्यावर एकच आपल्या झोळीत पडते, एखादी किल्ली किंवा मूठ, आणि उरलेल्या अकरा कशासाठी होत्या हे कुणी विचारत नाही. दिवसभर निर्णय घेऊन थकलेल्या माणसाला या खेळात जो विसावा मिळतो तो खरा आहे, मीही तो घेतो. कुणीतरी स्पष्ट सांगितलंय, वस्तू इथेच आहे, आणि नीट पाहिलं तर ती मिळणार. आयुष्यात अशी खात्री क्वचित लाभते. पण विसावा आणि तपास या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तपासाचा खेळ हातातल्या यंत्रावर होऊ शकतो, हे आता सिद्धही झालं आहे. लॅटव्हियातल्या ‘कलर ग्रे गेम्स’ने केलेला ‘द केस ऑफ द गोल्डन आयडल’ २०२२मध्ये संगणकावर आणि पुढच्या वर्षी निन्टेंडो स्विचवर आला. अठराव्या शतकातलं एकेक मरण, क्षण गोठवल्यासारखं समोर असतं. माणसांचे खिसे, कागद, खोल्या पाहत जायचं आणि तिथून नावं, क्रियापदं, वस्तू असे शब्द गोळा करायचे. मग ते शब्द रिकाम्या जागांत भरून काय घडलं ते सांगायचं. उत्तर चुकलं, पण चुका दोनच किंवा त्याहून कमी असल्या, तर गेम तेवढंच कळवतो. कोणत्या, ते सांगत नाही. पुन्हा त्याच खोलीत जायचं, तेच पत्र पुन्हा वाचायचं, आणि आता विचारायचं की हे ज्याच्या खिशात आहे त्यालाच आलं होतं का. हा प्रश्न आपला आपल्याला सुचावा लागतो.

पण तो वेगळ्या घडणीचा गेम आहे. लपलेल्या वस्तूंवर प्रेम करणाऱ्यांनी त्यांचा खेळ सोडावा असं मला वाटत नाही. मला त्याच खेळात एक बदल हवा आहे. दर काही खोल्यांनंतर यादीत एक नाव असं असावं, ज्याची वस्तू त्या खोलीत नाही, आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘इथे नाही’ असं म्हणायला एक बटण असावं. ते दाबण्याआधी छोटी खिडकी खोलीच्या चारही कोपऱ्यांतून न्यावी लागेल, पडद्यामागे आणि पलंगाखाली पुन्हा पाहावं लागेल, आणि कुठे तरी स्वतःच्या जबाबदारीवर थांबावं लागेल.